नाव पुसा, डौल वाढवा

अमेरिकेतल्या काही ई-सिगारेट शौकिनांना बॅटरीवर कंपनीचं नाव दिसलं की कमीपणा वाटतो. मग कुणी सँडपेपरने लोगो घासतो, कुणी वर स्टिकर डकवतो. आतल्या ‘१८६५०’ आकाराच्या सेलचं मूळ वेष्टन सोलून कवट्यांची नक्षी चढवणारेही आहेत. (कवटी! निदान एवढा तरी प्रामाणिकपणा.) ते वेष्टन नुसती शोभा नव्हे, इन्सुलेशन असतं, सेलचं जवळपास सगळं धातूचं अंग म्हणजे ऋण टोकच. वेष्टन फाटलेला सेल खिशातल्या किल्ल्यांना भिडला की शॉर्टसर्किट! काही विक्रेते तर दुसऱ्याच्या सेलला आपलं वेष्टन घालून वर फुगवलेले अँपिअर छापतात. गिऱ्हाईक तेही सोलतं, फिटंफाट. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री आणि साठा दोन्ही बंद. त्यामुळे इथल्या दुकानदाराला लोगो नव्हे, अख्खं यंत्रच लपवावं लागतं.