तण जोमाने वाढवण्याची सोपी पद्धत

रत्नागिरीत वडिलोपार्जित खाचर आहे आणि मुंबईहून येताना उत्साह आणला आहे, अशा नवशिक्यांसाठी.

साहित्य: भातगिरणीवरचा तूस, झाकणाचे पिंप, उगवणीपूर्व तणनाशकाची बाटली, मोबाईलवर पाहिलेला एक व्हिडिओ.

कृती

१. तूस कमी हवेत, चार-पाचशे अंशांवर जाळा. राख झाली तर फसलात. कोळसाच हवा, त्याच्या बारीक छिद्रांत भलीभली रसायने अडकतात.

२. चिखलणीच्या वेळी तो वरच्या थरात सढळ हाताने मिसळा. ताजाच घ्या. मातीत मुरलेल्या कोळशाची छिद्रे कुजक्या द्रव्यांनी भरत जातात, मग त्याची पकड सैल पडते.

३. लावणीनंतर तीन-चार दिवसांत बाटलीतले तणनाशक, म्हणजे प्रेटिलाक्लोर, टाका. हे औषध मातीतल्या पाण्यातून तणाच्या कोवळ्या कोंबात शिरते. कोळसा त्याला वाटेतच धरतो. पाखड आणि लव्हाळा निर्धास्त.

४. तण दिसले की मात्रा वाढवा. अडकलेले औषध सूक्ष्मजीवांच्याही हाती सहज लागत नाही, त्यामुळे ते मातीत रेंगाळते. एक फायदा मात्र टाळता येत नाही: ३००० मिलिमीटरच्या पावसात जांभ्यातून विहिरीकडे झिरपणारे औषध कमी होते.

५. पानांतून शिरणारे तणनाशक फवारू नका. तिथे मातीतल्या कोळशाचे काही चालत नाही आणि तण मरते.

शंका-समाधान

शेजारचे काका विचारतात, “दाढ भाजलीस ना? मग वर औषध कशाला?” काय सांगावे?
विषय बदलावा. काका रोपांच्या वाफ्यावर, म्हणजे दाढ जिथे असते तिथे, तोडलेल्या फांद्यांची कवळ, शेण, पालापाचोळा रचून भाजावळ, म्हणजेच राब, करतात. तणाचे बी तिथेच जळते. कवळ तोडण्यावरून इंग्रजांच्या वनखात्याने कुरकुर केली, कृषिरसायनतज्ज्ञ व्होल्करने १८९३ च्या अहवालात या राबाची चर्चा केली, तरी काका भाजतच राहिले. अशा माणसापुढे व्हिडिओ टिकत नाही.

कोळसा आणि तणनाशक एकत्र कोणी मुद्दाम वापरते का?
हो. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये गवताचे बियाणे पिकवणारे शेतकरी पेरलेल्या ओळीवरच कोळशाची अरुंद पट्टी देतात आणि सगळ्या शेतावर डाययुरॉन हे तणनाशक मारतात. पट्टीखालचे बी वाचते, मधले तण मरते. ते कोळसा मोजक्या जागी टाकतात. आपण सगळीकडे टाकतो, म्हणजे तणाला दुजाभाव वाटत नाही.

बेणणीला माणसे कधी सांगून ठेवावीत?
पिंप पेटवण्याआधी.