एकही बदक न पाडता बंदूकतज्ज्ञ व्हा!

नोव्हेंबर सरत आला की अमेरिकेत उत्तरेकडून थंडी आणि बदकं जोडीनं खाली उतरतात. आर्कान्सामधल्या स्टटगार्ट गावाभोवती भाताची खाचरं पाण्यानं भरलेली असतात. तिथे मॅलार्ड जातीच्या बदकांचे थवे येतात आणि त्यांच्यामागे पिकअप ट्रकचे. याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, बेंटनविलमध्ये, वॉलमार्टच्या कृपेनं बरीच मराठी घरं नांदतात. ऑफिसातला एखादा सहकारी कधीतरी "येतोस का बदकं मारायला?" असं विचारणारच. घाबरू नका. बदक पाडणं ही फार पुढची इयत्ता झाली. बदकाच्या बंदुकीवर अधिकारवाणीनं बोलता आलं की तुम्ही त्या मंडळींत बसलात. त्यासाठी पुढच्या सात पायऱ्या पुरेत.

१. आधी कागद, मग काडतूस. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली, त्यामुळे तुमच्या घरात या विद्येची परंपरा नसणार. वाईट वाटून घेऊ नका. अमेरिकेचा केंद्रीय कायदा कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसाला एरवी बंदूक जवळ ठेवू देत नाही, पण शिकारीचा परवाना असला की देतो. तो राज्याकडून काढा. मग २५ डॉलरचं 'डक स्टॅम्प' घ्या आणि त्यावर शाईनं सही करा. पहिलं तिकीट १९३४ साली निघालं, एका डॉलरचं. त्यावरचं चित्र जे. डार्लिंग या व्यंगचित्रकारानं काढलं होतं, म्हणजे विनोदाची बाजू सरकारनं पहिल्या दिवसापासून सांभाळली आहे. या तिकिटाच्या दर डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा राखण्यावर खर्च होतात. दरवर्षी तिकीट घेऊन दरवर्षी नेम चुकवणारा माणूस हा बदकांचा सगळ्यात मोठा हितचिंतक, हे लक्षात ठेवा.

२. आकडे उलटे पाठ करा. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातल्या एकीच्या जाडीएवढी नळी. म्हणून वीस बोअर बारीक आणि दहा बोअर जाड. याला अपवाद '४१०', कारण तिचा आकडा सरळ इंचाच्या हजाराव्या भागांत आहे. का, ते विचारू नका. तज्ज्ञ विचारत नाहीत, सांगतात. छर्ऱ्यांचंही तसंच: नंबर वाढला की छर्रा लहान. सतरातून नंबर वजा करा, म्हणजे छर्ऱ्याची जाडी इंचाच्या शंभराव्या भागांत मिळते. दोन नंबरचा छर्रा पंधरा, चार नंबरचा तेरा. एक नंबरच्या वर गेलात की आकडे संपून 'बीबी', 'बीबीबी', 'टी' अशी अक्षरं सुरू होतात. पहाटे पाचला, कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून ही वजाबाकी मोठ्यानं करा. शेजारचा गप्प होतो.

३. चोक घ्या, सगळे घ्या. नळीच्या तोंडाशी फिरवून बसवायची ही छोटी नळकांडी. जितकी अरुंद, तितका छर्ऱ्यांचा फुलोरा दूरवर एकत्र राहतो. 'इम्प्रूव्ड सिलिंडर' नळी इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात दहानं आवळतो, 'मॉडिफाइड' वीसनं, 'फुल' साधारण पस्तीसनं. जुन्या पुस्तकी हिशोबात चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात पहिल्याचे निम्मे छर्रे बसतात, दुसऱ्याचे साठ टक्के, तिसऱ्याचे सत्तर. पण हा हिशोब शिशाच्या काळातला. स्टीलचे छर्रे कडक. नळीतून जाताना चेपत नाहीत, म्हणून कमी पांगतात. स्टील भरलं की मॉडिफाइडच जवळपास फुलचं काम करतो. त्यामुळे कोणी कुठलाही चोक लावलेला दिसला तरी मान हलवून म्हणा, "एक पायरी मोकळा लाव." हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर ठरतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. फक्त सहकारी आजोबांची जुनी फुल चोकची बंदूक आणि स्टीलचे जाड छर्रे घेऊन आला, तर खरोखरच थांबवा. तसल्या नळीचं तोंड फुगतं.

दुकानात नळीबाहेर डोकावणारे, गवताच्या रंगात रंगवलेले, भयंकर नावांचे चोकही मिळतात. ते जरूर घ्या. नाव वाचून बदक घाबरत नसलं, तरी शेजारच्या लपणातला माणूस घाबरतो.

४. धातूवर मत असू द्या. पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१पासून साऱ्या अमेरिकेत शिशाला बंदी आहे. बदकं दाणे दळायला खडे गिळतात आणि तळाच्या चिखलातले छर्रेही खडे समजून गिळतात. त्या विषानं बदकं मरत, आणि ती खाऊन टकले गरुडही, म्हणजे दस्तुरखुद्द राष्ट्रचिन्ह. आता पर्याय तीन. स्टील स्वस्त पण हलकं, शिशापेक्षा तीस टक्क्यांनी. बिस्मथ शिशाच्या जवळ जाणारं. आणि टंगस्टन शिशाच्या दीडपटीहून जड, एकेका काडतुसाला कित्येक डॉलर मोजायला लावणारं. टंगस्टनची शिफारस सगळ्यांना करा, स्वतः स्टील भरा. पहिलं बदक पडेपर्यंत उडवलेल्या टंगस्टनच्या पैशांत चायनाटाउनमध्ये चार माणसं भाजलेलं बदक खाऊन ढेकर देतात.

५. खांद्याची पर्वा करू नका. काडतुसाची लांबी पावणेतीन इंच असते, नाहीतर तीन, नाहीतर साडेतीन. बारा बोअरचं साडेतीन इंची काडतूस १९८८ साली बाजारात आलं. त्याआधीची बदकं कशी पडत होती, हे कोडं कंपन्यांच्या जाहिरातींना सुटलेलं नाही. तुम्ही सर्वांत लांब आणि सर्वांत वेगवान तेच उचला. मॅलार्ड ताशी पन्नास मैलांनी आडवं जात असेल, तर चाळीस यार्डांवर छर्रे पोचेपर्यंत ते सुमारे नऊ फूट पुढे सरकतं. महागड्या वेगवान काडतुसानं हे अंतर जेमतेम वीतभर कमी होतं. उरलेले आठ-सव्वाआठ फूट तुमचे तुम्ही बघा. आयोडेक्सची डबी जवळ असू द्या.

६. कागदावर गोळ्या झाडा. खरा जाणकार 'पॅटर्न' काढतो. भलामोठा कागद लावा, चाळीस यार्डांवरून बार टाका, सगळ्यात दाट जागेभोवती तीस इंची वर्तुळ काढा आणि भोकं मोजा. दोन नंबरच्या स्टीलचे औंसाला साधारण सव्वाशे छर्रे भरतात. त्यावरून टक्केवारी काढा. एका कागदावर विश्वास ठेवायचा नसतो, चोक-काडतुसाच्या प्रत्येक जोडीचे पाच तरी हवेत. पाच चोक, सहा काडतुसं, पाच कागद: दीडशे बार. त्यातही कागद उभा असतो आणि बदक उडतं, ही अडचण राहतेच. टेक्ससचे बंदूकलेखक बॉब ब्रिस्टर यांनी ती सोडवली. सोळा फुटी कागद ट्रेलरवर उभारला, ट्रेलर मोटारीला जोडला, मोटार बायकोला भरधाव चालवायला लावली आणि मागच्या कागदावर बार टाकले. त्यावर त्यांनी १९७६ साली पुस्तक लिहिलं. असं काही घरात सुचवण्यापूर्वी आपल्या संसाराची ताकद जोखा. नाहीतर नुसतं "मी पॅटर्न काढलाय" म्हणा. कोणी कागद दाखव म्हणत नाही, कारण मग त्यालाही स्वतःचा दाखवावा लागेल.

७. कारणं भरून ठेवा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार टाकायला मुभा असते. बंदुकीत तीनच काडतुसं, हा नियम १९३५पासूनचा. म्हणून कारणंही तीनच लागतात. पहिला बार चुकला: "चोक फार आवळ आहे." दुसरा चुकला: "छे, फार मोकळा आहे." तिसरा चुकला: "या पेटीतली काडतुसंच बरोबर नाहीत." बदक साठ यार्डांवर होतं हे कोणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका, सगळ्यांचे साठ यार्ड पस्तीसच असतात. आणि मातीच्या चकत्या हवेत उडवून सराव करायच्या मैदानाकडे चुकूनही फिरकू नका. तिथे चकती पडली की नाही हे सगळ्यांना दिसतं.

एवढं केलंत की पुढच्या मोसमात नवखे तुम्हालाच सल्ला विचारू लागतील. त्यातल्या एखाद्याला खरोखर बदक पाडायचं असेल, तर त्याला बाजूला घेऊन खरं ते सांगा: मॉडिफाइड चोक, दोन नंबरचं स्टील, पस्तीस यार्डांच्या आत आलेलं बदक, आणि उरलेले सगळे पैसे मातीच्या चकत्यांवर. लांबून झाडलेला बार चुकतो, नाहीतर बदकाला जखमी करतो. जखमी बदक दूर लव्हाळ्यात जाऊन मरतं आणि कोणाच्याच मोजणीत येत नाही. यावर उपाय असणारा चोक अजून कोणी बनवलेला नाही. अंतर ओळखता येईपर्यंत बंदूक खाली ठेवलेली बरी.