पाताळाचा कारभार
नागलोकाची वर्णने पुराणांत भरपूर आहेत, पण त्याचा कारभार डोळ्यांनी बघायचा तर पौष अमावास्येला आदिलाबाद जिल्ह्यातल्या केसलापूरला जावे. मेसराम कुळाचे गोंड पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि रात्री नागोबाची महापूजा बांधतात. मग कुळातल्या नव्या सुना, पांढऱ्या वस्त्रात, तोंडावर पदर ओढून ओळीने देवापुढे येतात. ही ‘भेटिंग’ झाली की सून मेसराम झाली. ना आधार कार्ड, ना झेरॉक्स, ना ‘साहेब जेवायला गेलेत’.

भूतलावरचा कारभारही तिथेच भरतो. १९४० साली निजामाविरुद्ध लढणारे गोंड पुढारी कोमरम भीम मारले गेले, तेव्हा कुठे निजाम सरकारला गोंडांची गाऱ्हाणी ऐकू आली. ती समजून घ्यायला मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ आले आणि नागोबाच्या या जत्रेत गाऱ्हाणी ऐकायचा दरबार सुरू झाला. तो अजून भरतो. साहेब मंडपात बसतात, सत्कार घेतात, अर्जही हसतमुखाने घेतात. ते अर्ज पुढे कुठल्या बिळात शिरतात, हे बिळांच्या मालकालाही ठाऊक नसावे. नागोबाची भेट निदान ठरल्या तिथीला होते. फायलीची तिथी कुठल्याच पंचांगात सापडत नाही.