नायदर-नॉर सर

नागपूर जिल्ह्यातील काटोल हे गाव संत्र्यासाठी प्रसिद्ध असले, तरी घराच्या पुढच्या खोलीत पाच बाके आणि एक फळा मांडून दहावी-बारावीच्या इंग्रजीची शिकवणी घेणारा जो वर्ग तेथे आढळतो, त्याची नोंद फलोत्पादनाच्या कोणत्याही अहवालात सापडत नाही. या वर्गातील एक ठळक वाण म्हणजे ‘नायदर-नॉर सर’ होय. हे सर सकाळी एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचेच मानधन या बोलीवर, शिकवतात. त्यामुळे हजेरीपटाच्या दृष्टीने ते ना शिक्षक असतात ना पाहुणे, आणि इंग्रजी व्याकरणातील नेमक्या याच प्रकरणावर त्यांचा जीव का जडावा, याचे कारण फार दूर शोधण्याची गरज उरत नाही.

उभयान्वयी अव्यय म्हणजे दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडणारा, लिंगवचनाने न बदलणारा शब्द. ‘नायदर’ आणि ‘नॉर’ ही त्यातली नकारार्थी जोडगोळी असून, ‘नायदर’च्या मागून चुकून ‘ऑर’ आल्यास नवरदेव एका मांडवात आणि नवरी दुसऱ्याच मांडवात शिरल्याची कळा सरांच्या चेहऱ्यावर उमटते. दोन्ही अव्ययांपुढे एकाच जातीचे शब्द यावेत, हा समांतरतेचा नियम ते भराभर उरकतात. त्यांची वाणी खुलते ती क्रियापदापाशी. दोन कर्त्यांपैकी जो क्रियापदाला खेटून बसला असेल, त्याच्याच वचनाप्रमाणे क्रियापद चालते. म्हणून बाप शेवटी बसवला तर ‘इज’ आणि मुलगे शेवटी बसवले तर ‘आर’. पंगतीत वाढप्याजवळ बसणाऱ्याच्या पानात बुंदी आधी पडते, या दृष्टान्ताने हा नियम एकदा समजला की तो जन्मभर विसरता येत नाही, मग इंग्रजी विसरले तरी चालते.

मराठी मुलगा या प्रकरणात घसरतो, यात त्याचा दोष थोडा आहे. ‘कोणीच काहीच बोलले नाही’ या वाक्यात निषेधाचा भार एकटा ‘नाही’ वाहतो, त्यामुळे ‘नायदर’च्या पोटातच नकार आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही आणि तो खात्रीसाठी आणखी एक ‘नॉट’ घालून ठेवतो. (चौदाव्या शतकातील चॉसर हा इंग्रज कवी एका वाक्यात दोन-तीन नकार बिनदिक्कत घालत असे, पण त्याला बोर्डाचा पेपर द्यायचा नव्हता.) शिवाय ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ या म्हणीत नकार क्रियापदालाच चिकटलेला आहे आणि आईला व बापाला स्वतंत्र क्रियापद मिळालेले आहे, त्यामुळे वचनाचा तंटा मराठीत उभाच राहत नाही.

सरांचे खरे सामर्थ्य मात्र बागेच्या हिशेबात दिसते. संत्र्याचे मुख्य बहार दोन: थंडी सरताना फुलणारा आंबिया आणि पावसाच्या तोंडावर फुटणारा मृग. झाडाला ताण देऊन, म्हणजे काही काळ पाणी तोडून, बागायतदार सहसा त्यांपैकी एकच धरतो, आणि हे सरांच्या मते ‘आयदर-ऑर’चे निर्दोष उदाहरण आहे. एखाद्या वर्षी आंबियाला गळ लागते, पाऊस लांबून मृगही हुकतो, आणि विद्यार्थ्याचे वडील दारात चपला काढून म्हणतात, “सर, औंदा ना आंबिया टिकला, ना मृग फुटला. फीचं पुढं पाहू जी.” फी हा शब्द सरांच्या कानापर्यंत पोचतच नाही, कारण दोन्ही ‘ना’पुढे नाम आणि दोन्ही नामांपुढे भूतकाळी क्रियापद असे समांतर वाक्य त्यांना आठवडाभरात ऐकायला मिळालेले नसते. ते वडिलांना खुर्ची देतात, वाक्य ‘नायदर आंबिया नॉर मृग’ इथपर्यंत फळ्यावर लिहितात आणि खडू रोखून पुढचे क्रियापद विचारतात. मागल्या बाकावरून त्याच गृहस्थांचा मुलगा “हॅज, सर” म्हणतो.

“बरोबर हाय का जी?” वडील विचारतात.

“शंभर टक्के,” सर म्हणतात, आणि वडील समाधानाने चपला घालतात.