दोन-तृतीयांश हात

सार्वजनिक कामाला पैसे मागायला गेलं की लोक ‘बघू’ म्हणतात, हा आपला अनुभव. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लोक ‘बघू’ म्हणत नाहीत. तिथे पैसे मिळतात, वर टाळ्याही मिळतात. माशी शिंकते ती त्यानंतर. बॉस्टनच्या वायव्येला बेडफर्ड नावाचं चौदा-एक हजार वस्तीचं गाव आहे. आगगाडीच्या जुन्या मार्गावर झालेली सायकलवाट त्या गावाला दोन मैलांहूनही कमी पुढे न्यायची होती. बांधकामाचा खर्च राज्य आणि केंद्र सरकार उचलणार होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये गावाची सभा भरली, अर्ध्याहून जास्त लोकांनी ‘हो’ म्हटलं, आणि ठराव पडला.

का पडला, ते पुढे सांगतो. आधी त्या वाटेची कुंडली.

केंब्रिजच्या एलवाइफ स्टेशनपासून आर्लिंग्टन आणि लेक्सिंग्टनमार्गे बेडफर्डपर्यंत दहा-एक मैलांची ही वाट. नाव मिनिटमन बाइकवे. रूळ होते तेव्हा इथून उपनगरी गाडी धावायची. १९७७ च्या जानेवारीत बर्फाने ती थांबवली आणि नंतर कोणी ती पुन्हा सुरू केली नाही. त्याच सुमारास बॉस्टनची भुयारी रेड लाइन आर्लिंग्टनमधून पुढे न्यायचा बेत होता. आर्लिंग्टनकरांनी विरोध केला. मग १९८५ मध्ये ती एलवाइफलाच संपली. आज तेच आर्लिंग्टनकर सायकल मारत एलवाइफला येतात आणि तिथून रेड लाइन पकडतात. घरापाशी येणारी गाडी नाकारून तिच्यापर्यंत सायकलने जाणं, हा व्यायामाचा उत्तम प्रकार आहे.

१९९२-९३ मध्ये वाट खुली झाली आणि इतकी चालली की शनिवार-रविवारी तिच्यावर पाय ठेवायला जागा मिळेना. बेडफर्डच्या डेपो पार्कला ती संपते. तिथे जुन्या स्टेशनची इमारत आहे, बाजूला एक डिझेल डबा शोभेला उभा आहे. त्याच्यापुढे कॉन्कॉर्डकडे जाणारा जुना फाटा, म्हणजे कच्ची, मातीची पायवाट. एके काळी ही लाइन कॉन्कॉर्डच्या तुरुंगापर्यंत जात असे, म्हणून नाव पडलं रिफॉर्मेटरी, म्हणजे सुधारगृह, ब्रँच. सुधारगृहाकडे जाणारा रस्ता सुधारायचा, एवढाच काय तो प्रस्ताव.

आता वर्गणीचा हिशेब. इथली रीत अशी की वाटेचा आराखडा गावाने आपल्या पैशाने करायचा. तो पास झाला की बांधकामाचे मोठे पैसे राज्य आणि केंद्राकडून येतात. म्हणजे गावाच्या वाट्याला लाख आणि वरच्यांच्या वाट्याला कोटी. ऐकायला सौदा स्वस्त वाटतो. पण आराखडा एकदम होत नाही. आधी पंचवीस टक्के, मग पंचाहत्तर, मग शंभर. पंचवीस टक्क्यांवर जाहीर सुनावणी होते. एखादा कागद पंचवीस टक्के तयार झाला, हे ठरवणारा माणूस कोण असतो, त्याला मला एकदा भेटायचं आहे. शेजारच्या ब्रूस फ्रीमन ट्रेलचं उदाहरण घ्या. ज्या आमदाराने ऐंशीच्या दशकात तिचा पाठपुरावा केला, त्याचं नाव वाटेला मिळालं. १९८६ मध्ये तो वारला. लोवेलपासून फ्रेमिंगहॅमपर्यंत पंचवीस मैल ठरलेल्या त्या वाटेचा पहिला तुकडा खुला झाला २००९ मध्ये. अॅक्टनपर्यंतच्या पुढच्या तुकड्याला २०१८ उजाडलं. एका माणसाच्या नावाला रस्ता लागेपर्यंत त्याच्या नातवंडांना सायकल चालवायला येऊ लागावी, असा हा वेग.

आराखड्याचे पैसे येतात कुठून? इथे मॅसॅच्युसेट्सची एक गंमत आहे आणि ती खरोखर वाखाणण्याजोगी आहे. २००० साली राज्याने कम्युनिटी प्रिझर्व्हेशन अॅक्ट नावाचा कायदा केला. एखाद्या गावाने मतदान करून आपल्या मालमत्ता करावर तीन टक्क्यांपर्यंत जादा आकार स्वतःच लावून घ्यायचा. घराच्या किमतीवर नव्हे, कराच्या बिलावर. शंभर डॉलरचं बिल असेल तर वर तीन डॉलर. जमलेल्या रकमेतला किमान दहावा हिस्सा मोकळ्या जागा आणि क्रीडेवर, दहावा जुन्या वास्तूंवर, दहावा परवडणाऱ्या घरांवर. बाकीचं गाव ठरवेल. शिवाय राज्यही आपल्या फंडातून वर भर घालतं. बेडफर्डने हा कायदा अगदी सुरुवातीच्या काळात स्वीकारला, तोही पुऱ्या तीन टक्क्यांनी. चहावरच्या कराने चिडून ज्यांच्या पूर्वजांनी राजाविरुद्ध बंदुका उचलल्या, ते लोक सायकलवाटेसाठी स्वतःला कर लावून घेतात, हे बघून मला या माणसांविषयी आदर वाटतो. आणि थोडा संशयही येतो.

संशय या गोष्टीचा की पैसा इतक्या सहज देणारी माणसं बाकी कशाला तरी घट्ट धरून बसलेली असणार.

ते काय, हे सभेत कळतं. इथल्या गावसभेला मूठभर प्रतिनिधी नव्हे, नोंदणी केलेला कोणीही मतदार येऊ शकतो. लेक्सिंग्टनने ही पद्धत सोडून प्रतिनिधी निवडले. बेडफर्डने सोडली नाही. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये लोक जमतात. मॉडरेटर नावाचा अध्यक्ष असतो, कोणी किती वेळ बोलायचं ते तो बघतो. अर्थसमितीचं मत काय, सिलेक्ट बोर्डाचं, म्हणजे गावाच्या कारभारी मंडळाचं मत काय, ते वाचलं जातं. मग माइकपुढे रांग लागते. इथे खर्चावर कोणी फारसं बोलत नाही. ‘माझ्या घरामागून नको’ असंही कोणी उघड म्हणत नाही. बोलतात झाडांवर. सरकारी पैसा घ्यायचा तर वाट दहा-बारा फूट रुंद, डांबरी हवी, म्हणजे दोन्ही बाजूंची झाडं तुटणार. मातीवरून चालायची मजा जाणार. पलीकडे कॉन्कॉर्डच्या हद्दीत तर वाट कच्चीच आहे, मग इथेच डांबर कशाला? बॅटरीच्या सायकली भरधाव येणार. ओलसर जागांवर परिणाम होणार.

हे सगळं खोटं नाही, हे मान्य केलं पाहिजे. सावलीतली कच्ची वाट आणि तिच्यावरून ओतलेलं डांबर यात मला निवडायला सांगितलं तर मीही घटकाभर थांबेन. पण व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्या माणसाला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला त्या मातीतून जाता येत नाही, हेही त्या सभेत लोक सांगत असतात. त्यांच्या बाजूने जास्त हात वर होतात. आणि इथे कायद्याची मेख येते.

वाटेसाठी काही लोकांच्या जमिनीच्या पट्ट्यांवर गावाला हक्क घ्यावे लागणार होते. जमिनीवर असा हक्क घ्यायचा तर साधं बहुमत चालत नाही, दोन-तृतीयांश लागतं. म्हणजे नव्वदजण आले तर साठजणांनी ‘हो’ म्हटलं पाहिजे. एकतीसजणांनी ‘नाही’ म्हटलं की एकोणसाठजण हरले. नोव्हेंबरमध्ये नेमकं असंच घडलं. वाट हवी असणारे जास्त होते, पण पुरेसे जास्त नव्हते. आगगाडी गेल्यावर तिच्या मार्गावर सार्वजनिक वाट करायची म्हणजे तीनातली दोन माणसं आधी सहमत हवीत. आपल्याकडे सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी बसवायची तरी दोन माणसं सहमत होत नाहीत, तेव्हा या गावाला नावं कोणी ठेवावीत?

बेडफर्डला लोकांच्या पैशाने मार्ग उभारायचा जुना इतिहासही आहे. १८७७ मध्ये इथे बिलरिका आणि बेडफर्ड या गावांदरम्यान फक्त दोन फूट गेजची छोटीशी रेल्वे सुरू झाली. अमेरिकेतली प्रवासी आणि माल दोन्ही नेणारी तशी ती पहिलीच. माथेरानच्या गाडीचं गेजही तेवढंच, दोन फूट. पण माथेरानची आली १९०७ मध्ये, तीस वर्षांनी. बेडफर्डच्या इंजिनांची नावं एरियल आणि पक, दोन्ही शेक्सपिअरच्या नाटकांतली. नावं सुरेख, हिशेब कच्चा. स्थानिक भागधारकांच्या पैशावर उभी राहिलेली ही गाडी काही महिन्यांतच, १८७८ मध्ये बुडाली आणि तिचं सगळं सामान मेन राज्यातल्या एका रेल्वेने उचललं. आता तिच्या मार्गावरही पायवाट आहे, कच्ची. तिच्यावर अजून डांबर पडलेलं नाही, म्हणून ती सुखात आहे.

मग विरोध झाला की वाट होतच नाही का? होते. फक्त ती सभेत होत नाही. थोडं दक्षिणेला वेस्टन नावाचं गाव आहे, राज्यातल्या सर्वांत श्रीमंत गावांपैकी एक. १९९७ मध्ये त्यांच्या गावसभेने जुन्या रेल्वेमार्गावरची वाट सरळ नाकारली. घरांमागून अनोळखी लोक फिरणार, ही भीती. वीस-एक वर्षांनी त्याच मार्गावर वाट झालीच. कशी? वीज कंपनीला आपल्या तारांच्या देखभालीसाठी तिथून रस्ता हवा होता. तिने पाया घातला, राज्याने वर डांबर घातलं. जवळच्या सडबरीत गावाने जमिनीखालच्या वीजवाहिनीविरुद्ध कोर्टात दंड थोपटले, तरी ती आलीच, आणि तिच्या डोक्यावर सायकलवाटही आली. शेजाऱ्यांच्या मताने जे होत नाही ते किलोव्होल्टने होतं. लोकवर्गणी, सभा, टक्केवारी यांच्या भानगडीत न पडता वाट हवी असेल तर गावाने आधी वीज कंपनीकडे जावं.

हा विनोद आहे, पण पुरता नाही. कारण जे काम शेजाऱ्यांना विचारून होत नाही, ते पुढे शेजाऱ्यांना न विचारता होतं, आणि तेव्हा झाडंही जातात आणि आराखड्यावर बोलायची संधीही जाते. बेडफर्डच्या विरोधकांनी हे वेस्टनकडून शिकायला हवं होतं. समर्थकांनीही एक शिकायला हवं होतं: पहिल्या मैलाला भावना पुरते, पुढच्या मैलाला मोजदाद लागते. बाकाला पितळी पाटी लावून देणगी मिळवणं, सायकलवीरांच्या फेऱ्या काढणं सोपं. ज्यांच्या कुंपणालगत वाट जाणार त्या पाच-पंचवीस घरांत चहाला जाणं अवघड, आणि मतं तिथेच अडकलेली होती.

आता एक टोचणी आपल्या माणसांना. या भागातल्या उपनगरांत मराठी घरं पुष्कळ. पुण्या-नाशकाहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील पहाटे स्वेटर-कानटोपी घालून या वाटेवर चालायला निघतात. आपल्या मुलांची सायकल शिकून झाली ती बहुधा इथेच. वाट किती छान, हे आपण गावाकडे व्हिडिओ कॉल करून दाखवतो. व्हिसावर राहणाऱ्यांना गावसभेत मत नाही, कर मात्र पूर्ण भरावा लागतो. त्यांची तक्रार रास्त आहे. पण पासपोर्ट बदलून दहा-पंधरा वर्षं झालेल्यांचं काय? गणपतीच्या यादीत वरण-भाताची जबाबदारी एका रात्रीत भरते. वाटेच्या ठरावाच्या रात्री मात्र प्रत्येकाचं ऑफिसचं काम नेमकं वाढलेलं असतं. दोन-तृतीयांशाला जे थोडे हात कमी पडतात, त्यांतले काही घरी बसून टीव्ही बघत असतात.

बेडफर्डची वार्षिक गावसभा मार्चमध्ये असते. मतदारयादीत नाव नसेल तर सभेआधीच नोंदवून घ्या, वाट हवी असो की नको, ते ठरवून जा, मुलाला शेजारी सोडा, थर्मासमध्ये चहा घ्या आणि मतमोजणी होईपर्यंत उठू नका.