मार्गभ्रष्टांची चाकोरी

समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अद्याप ज्याची नोंद झालेली नाही, असा एक उपेक्षित समाज पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या माळरानांवर शनिवार-रविवारी आढळतो. समोर धड डांबरी रस्ता असताना त्यावरून मुद्दाम खाली उतरणे, गाडी मुरमाड उतारावर, ओढ्याच्या पात्रात किंवा गुडघाभर गवतात घालणे आणि ती तेथून बाहेर काढण्यात उरलेला दिवस खर्ची घालणे हे या समाजाचे व्रत असून त्यास ‘ऑफ-रोडिंग’ असे म्हणतात. बैलगाडीच्या चाकांनी वर्षानुवर्षे जाऊन-येऊन जमिनीत पाडलेली जोडरेघ म्हणजे चाकोरी, आणि तिच्या बाहेर जाणारा तो चाकोरीबाहेरचा, असा अस्सल शब्द मराठीत आहे. परंतु तो कवी, नाटककार आणि सत्कारमूर्ती यांच्यासाठी राखून ठेवलेला असल्यामुळे प्रस्तुत विवेचनापुरते या मंडळींना ‘मार्गभ्रष्ट’ म्हणणे सोयीचे होईल. पदभ्रष्ट, राज्यभ्रष्ट या शब्दांना जी करुण छटा आहे ती येथेही आपोआप येते, आणि आपल्यावर घोर अन्याय होत असल्याच्या या समाजाच्या समजुतीशी ती चांगली जुळते.

मार्गभ्रष्ट ओळखणे अवघड नाही. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी उंच गाडी, अंगाबाहेर आलेले रुंद टायर, टपावर दिव्यांची पट्टी, पाठीमागे अडकवलेले आणि अजून मातीचा डाग न लागलेले फावडे, शिवाय बारामतीच्या परिवहन कार्यालयाच्या एमएच-४२ या मालिकेतला पसंतीचा क्रमांक, एवढी लक्षणे पुरेत. गुंठ्यागुंठ्याने वडिलोपार्जित जमीन विकून आलेल्या श्रीमंतीला लोकांनी ‘गुंठामंत्री’ हा जो किताब दिला आहे, त्याचे मानकरीही या समाजात आहेत. स्वतःच्या शिवारातली माती विकून मोकळ्या झालेल्या माणसाला दुसऱ्याच्या मातीची एवढी ओढ का लागावी, हा मानसशास्त्राचा विषय असल्याने येथे सोडून दिलेला बरा.

या समाजाचा इतिहास लिहायचा झाल्यास १९७२ हे साल टाळता येत नाही. त्या वर्षी ८ फेब्रुवारीला अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ११६४४ क्रमांकाचा आदेश काढून सरकारी जमिनींवर रस्ता सोडून धावणाऱ्या वाहनांना कोठे मुभा आणि कोठे मनाई हे ठरवून देण्याची जबाबदारी तेथील खात्यांवर टाकली, आणि १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी, जमिनीची हानी होत असल्यास तो भाग तत्काळ बंद करण्याचा अधिकार त्यात जोडला. त्याच १९७२ च्या सप्टेंबरात भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. बारामती-इंदापूरकडे मात्र बहात्तर म्हटले की यांपैकी काहीही आठवत नाही. तेथे बहात्तर म्हणजे दुष्काळ, आणि दुष्काळ म्हणजे खडी फोडणे. मे १९७३ पर्यंत राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, आणि त्या कामांतले मोठे काम रस्त्यांचे होते. म्हणजे एका पिढीने सुकडी खाऊन, हाताला घट्टे पाडून घेऊन जो रस्ता तयार केला, तो सोडून खाली उतरण्यासाठी तिसरी पिढी पेट्रोल जाळते. आजीला रस्त्यावर येण्याचे पैसे मिळत होते, नातू रस्त्यावरून उतरण्याचे पैसे मोजतो, एवढाच अर्थशास्त्रीय फरक.

अमेरिकेतील मार्गभ्रष्टांनी आपल्या हक्कांसाठी संघटना बांधल्या, सुनावण्यांना हजेरी लावली, नकाशांवर हरकती नोंदवल्या, न्यायालयात दावे लावले. या सर्व खटाटोपाला तिकडे ‘ॲडव्होकसी’ म्हणजे बाजू मांडणे असे नाव आहे. बारामती-इंदापूरकडे ही कला फार आधी विकसित झालेली असून तिला एकच साधन लागते, ते म्हणजे फोन. वनरक्षकाने गाडी अडवली की खाली उतरण्यापूर्वी क्रमांक फिरवला जातो, ‘साहेबांशी बोला’ असे म्हणून यंत्र खिडकीतून बाहेर धरले जाते, आणि ज्या सुनावणीला अमेरिकेत काही वर्षे लागतात ती येथे तीन मिनिटांत, दोन्ही पक्ष उन्हात उभे असताना, पार पडते.

तरीही मार्गभ्रष्टांची कायद्याविषयीची तक्रार अगदीच निराधार नाही, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा मुळात रस्त्याचा कायदा आहे. ‘मोटार वाहन’ म्हणजे रस्त्यावर वापरण्याजोगे केलेले, यंत्रशक्तीने चालणारे वाहन, अशी त्याची व्याख्या असून केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचे विशेष प्रकारचे वाहन तीतून वगळलेले आहे. वाळूवर आणि चिखलात पळवायची, चार फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली जी गाडी हौशी लोक परदेशी चित्रफितींत पाहतात, ती म्हणूनच येथे एखाद्या रिसॉर्टच्या कुंपणाआड तासाच्या भाड्याने गोल गोल फिरते. राहता राहिली रीतसर नोंदणी झालेली जीप. ती माळावर न्यायची तर टायर बदलावे लागतात, गाडी उंच करून घ्यावी लागते, आणि त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असा दर ठरवून दिला आहे. गाडीच्या नाकापुढे बसवला जाणारा ‘बुलबार’ हा लोखंडी अडसर याच कलमात सापडला आणि त्यावर कारवाई करण्यास केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले.

येथे मार्गभ्रष्टाचा युक्तिवाद असा असतो की, रस्त्याचा कायदा रस्त्यावर. माळ हा रस्ता नव्हे. हा युक्तिवाद ऐकायला मोठा सुरेख आहे, फक्त कायद्यातली ‘सार्वजनिक ठिकाण’ ही संज्ञा वाचलेली नसावी लागते. रहदारीची वाट असो वा नसो, जेथे लोकांना जाण्याचा हक्क आहे असे कोणतेही ठिकाण तीत येते. त्यामुळे ‘माळ सर्वांचा आहे’ असे म्हणताच माळ सार्वजनिक होतो आणि विम्यापासून बदललेल्या टायरपर्यंत सगळा कायदा तेथे येऊन बसतो. आणि माळ सर्वांचा नाही असे म्हटले, तर मग तो कोणाचा, आणि त्याला विचारले होते का, हा प्रश्न उभा राहतो. एवढ्या खोल चिखलात कोणतीही गाडी अद्याप रुतलेली नाही.

माळ कोणाचा, याचे उत्तर महसुली भाषेने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या आणि पिकाच्या नोंदीवर, जी जमीन लागवडीस अयोग्य ती ‘पोटखराबा’. जी पेरली नाही ती ‘पड’. आणि उपग्रहाच्या चित्रांवरून केंद्र सरकार पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह काढते, त्यात देशातले गवताळ प्रदेश पडीक म्हणूनच आलेले आहेत. जे महसूल देत नाही ते खराब, या न्यायाने कुसळी, पवना आणि मारवेल या गवतांचा, त्यांत जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोलाचा, धाविक पक्ष्याचा, खोकडाचा, चिंकारा हरणाचा आणि त्यांच्या मागून फिरणाऱ्या लांडग्याचा हिशेब कोणत्याही रकान्यात बसत नाही. मेंढरे घेऊन दर साली येणारा धनगरही बसत नाही. मार्गभ्रष्ट ‘मोकळी जागा दिसली’ म्हणून गाडी घालतो तेव्हा तो बेकायदा काही करत असेल, पण नवे काही करत नाही. सरकारने शंभर वर्षे कागदावर जे म्हटले तेच तो टायरने लिहितो.

वन्यजीव अधिनियमाने मात्र या लिखाणावर अनपेक्षित शेरा मारून ठेवला आहे. ‘शिकार’ या शब्दाच्या त्यातील व्याख्येत ठार मारण्याखेरीज पकडणे, पाठलाग करणे, फास लावणे, आमिष दाखवणे आणि हाकणे, तसेच असा प्रत्येक प्रयत्न, या अर्थाचे शब्द येतात. गोऱ्या साहेबांच्या काळात रानातले जनावर बंदुकीसमोर आणण्यासाठी डबे वाजवत, आरोळ्या ठोकत माणसे ‘हाका’ उठवत, त्यांना हाकारे म्हणत. व्याख्येतला शब्द त्या प्रथेकडे बोट दाखवतो. मराठीची गंमत अशी की ती गाडीही हाकते आणि जनावरही हाकते. लांडगा व चिंकारा हे दोन्ही अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण दिलेल्या यादीत असून त्यांच्या शिकारीस किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा कारावास आहे. ‘फोटोसाठी थोडे जवळ गेलो, तो पळाला, मग थोडे आणखी गेलो’ असे जे निरागस निवेदन ऐकायला मिळते, ते कायद्याच्या भाषेत कबुलीजबाबाच्या फार जवळ जाते. भारतात लांडगे सुमारे ३,००० उरले आहेत. त्यांची पिल्ले बिळात असतात तो हिवाळा आणि मार्गभ्रष्टांना सहलीसाठी मानवणारा हिवाळा एकच असावा, हा दोहोंपैकी कोणाच्या दैवाचा दोष, हे ठरलेले नाही.

बारामती तालुक्यातील सुपे येथे चिंकाऱ्यांसाठी १९९७ मध्ये जाहीर झालेले अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. एखाद्या दमदार गाडीला पहिल्या गिअरमध्येही ते पुरत नाही. त्याचे नाव जवळच्या मोरगावच्या गणपतीवरून मयूरेश्वर. आता हा देव मोरावर बसतो म्हणून मयूरेश्वर, म्हणजे त्याची ओळखच मुळी वाहनावरून झालेली, आणि त्याच्या नावच्या अभयारण्यात परवान्याशिवाय वाहनाला प्रवेश नाही, ही विसंगती मार्गभ्रष्टांच्या वकिलांच्या ध्यानात अजून आलेली नसावी. अर्थात मोराला डिझेल लागत नाही, नोंदणी लागत नाही, आणि तोही पहिल्याच अनुसूचीत आहे.

या समाजाने आशेने पाहावे असे उदाहरण बैलगाडा शर्यतीचे आहे, कारण रस्ता सोडून धावणाऱ्या वाहनाच्या हौशी चालकांनी कायद्याशी झुंज देऊन जिंकावी, असा महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा प्रसंग होय. जुलै २०११ मध्ये केंद्राने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैल घातला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये विधिमंडळाने प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अटींसह वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बारा वर्षे चाललेल्या या लढ्याचा कणा ‘परंपरा’ हा एक शब्द होता. मार्गभ्रष्टांपाशी नेमका तोच नाही. बैल म्हणून दाखवता येईल असा त्यांच्याकडे एक बुलबार, आणि तोही दंडास पात्र.

परंपरा हुडकायचीच तर ती याच मातीत सापडते, परंतु ती त्यांच्या उपयोगाची नाही. भीमेच्या काठचा तो भीमथडी, आणि त्या मुलखातले काटक, ठेंगणे घोडे दख्खनच्या फौजांचे वाहन होते. त्यांना रस्ता लागत नसे, आणि आजही धनगरांची बिऱ्हाडे, कोकरे आणि भांडीकुंडी पाठीवर घेऊन ते याच माळांवरून चालतात. आपल्या मुलखात रस्त्याबाहेरच्या प्रवासाचा हक्क कोणाचा, असा दावा उद्या खरोखर उभा राहिला तर या तट्टाचे वकीलपत्र घेणे सर्वांत सोपे. त्याच्या खुराने मोडलेले गवत पावसाळ्यात पुन्हा उभे राहते, एवढा एकच मुद्दा न्यायालयापुढे मांडावा लागेल.

वन विभागाने तडजोड म्हणून इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. आधी नोंदणी करावी, शुल्क भरावे, गावातला वाटाड्या सोबत घ्यावा आणि आखून दिलेल्या वाटेनेच जावे, असा तिचा साधा नियम. मार्गभ्रष्टाला यातला शेवटचा भाग मान्य होत नाही, आणि त्याच्या बाजूने पाहिल्यास ते रास्तही आहे. रस्ता सोडण्यासाठी घराबाहेर पडलेल्या माणसाला पैसे घेऊन पुन्हा रस्त्यावरच आणून उभे करणे म्हणजे उपासाच्या दिवशी पंगतीला बसवण्यासारखे आहे.

याच शिवारात रस्त्याबाहेर राहणारा दुसराही एक समाज आहे, आणि त्याला ती हौस नाही. बांधावरून वाट मिळावी म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, किंवा असलेली वाट अडवली म्हणून १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली, तो तहसीलदारापुढे अर्ज घेऊन उभा असतो. पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची स्वतंत्र योजनाही आहे, तिच्या फलकाशेजारी चिखल असतो. ऊस तोडून पडला आहे आणि ट्रॉली बाहेर निघत नाही, हे त्याचे ऑफ-रोडिंग. मार्गभ्रष्टाची चाळीस इंच टायरची गाडी ओढ्यात पोटावर बसली की सायंकाळी जो ट्रॅक्टर बोलावला जातो तो बहुधा याच शेतकऱ्याचा असतो, आणि त्याचा दोरही.

अशा प्रसंगी तो शेतकरी पैसे घेण्यास नकार देतो, असे समजू. गाडी निघते, मार्गभ्रष्ट भारावतो, गावाकडची माणसे किती मोठ्या मनाची, असे तो टपावरचे दिवे लावत म्हणतो. शेतकरी मात्र शेजाऱ्याच्या बांधालगत गाड्यांनी पाडलेल्या त्या दोन खोल, समांतर रेघा वाकून पाहत असतो. मामलेदाराच्या कायद्यात वाट पूर्वीपासून वहिवाटीत होती हे दाखवावे लागते, आणि स्थळपाहणीला येणारा मंडळ अधिकारी जे डोळ्यांना दिसते तेच पंचनाम्यात लिहितो. पाहणी तीन आठवड्यांनी, मंगळवारी आहे. तोवरचे तिन्ही रविवार मंडळींनी जमेल तेवढ्या गाड्या घेऊन, येथूनच, याच रेघांवरून जावे, एवढीच त्याची विनंती असते.