थांबता येतं का?

आमच्या बोरीवलीच्या इमारतीतल्या मुलाने 350 सीसीची बाइक घेतली. लायसन्स हातात येऊन दोन महिने झालेत. परवा जिन्यात भेटला आणि पहिलाच प्रश्न, "काका, लडाखला जूनमध्ये जाऊ की सप्टेंबरमध्ये?"

मी विचारलं, "साठच्या स्पीडला असताना समोर गाय आली, तर तुझी गाडी किती अंतरात थांबते?"

तो गप्प झाला. मला त्याचा राग आला नाही, कारण आजवर हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. परीक्षेत आठचा आकडा काढला, पाय जमिनीला टेकला नाही, पास. तेवढ्या शिदोरीवर ही मुलं दहिसरचा टोलनाका ओलांडतात आणि कंटेनरच्या रांगेत शिरतात. चालवायला शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. थांबायला शिकवणारा शोधून सापडत नाही. माझं भांडण आहे ते याच्याशी.

बोरीवलीकराला हा हिशेब लोकलच्या डब्यांत कळेल. डबा धरा साधारण 20 मीटरचा. ताशी 40 ने जाताना पुढे काही दिसलं, ते उमगायला एक सेकंद गेला, मग दोन्ही ब्रेक नीट लागले, तर गाडी एका डब्याच्या अंतरात थांबते. ताशी 80 ला तीन डबे लागतात. ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणून वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं. त्या तीन डब्यांतला पहिला तर ब्रेक लागायच्या आधीच मागे पडलेला असतो. हे सगळं कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर. पावसात डबे वाढतात. चौपदरी महामार्गावर बाइकला 80 ची मर्यादा आहे, 2018 पासून. त्यापुढचं गणित मी त्याला मांडूनच दाखवलं नाही.

"पण काका, एबीएस आहे ना!" आहे. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचं आहे, आणि ती फार चांगली गोष्ट झाली. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, इतकंच त्याचं काम. ब्रेक तुम्हालाच दाबावा लागतो. नवशिके घाबरले की पाय दाबतात आणि पुढचा ब्रेक विसरतात. ब्रेक लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, आणि गाडी थांबवण्याचं मोठं काम तेच चाक करतं. सायकल शिकताना कुणीतरी सांगितलेलं असतं, पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटशील. ते वाक्य वीस वर्षं बोटांत बसून राहतं.

आता रस्ता. मुंबईच्या बाइकवाल्याला सी लिंक बंद, अटल सेतू बंद, पुण्याचा एक्स्प्रेस वे बंद, समृद्धी बंद. कारण सुरक्षितता. मग बोरीवलीच्या पोराने जायचं कुठून? घोडबंदरच्या गायमुख घाटातून ट्रकना खेटून, नाहीतर वर्सोवा पुलावरून गुजरातच्या महामार्गाने. जिथे बाइकला धोका आहे असं सरकारला वाटतं तिथे बंदी, आणि उरलेल्या रस्त्यावर अवजड गाड्यांसोबत मोकळीक. या उरलेल्या रस्त्यावर कसं चालवायचं, ते तरी लायसन्स देताना शिकवा.

त्या महामार्गावर मी त्याला धोक्याच्या दोन जागा सांगून ठेवल्या. एक मनोरच्या पुढची मेंढवण खिंड. दुसरी चारोटीजवळचा सूर्या नदीचा पूल. 4 सप्टेंबर 2022 च्या रविवारी उद्योगपती सायरस मिस्त्री याच पुलावर मोटारीच्या अपघातात गेले. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, आणि दोघेही दगावले. ती महागडी, मजबूत गाडी होती, आत एअरबॅग होत्या. बाइकवाल्याच्या अंगाभोवती पत्र्याचा एक तुकडाही नसतो. पूल आला, रस्ता अरुंद झाला, की आधी वेग उतरवायचा आणि मग पुढचं बघायचं. पुलावरच्या लोखंडी पट्ट्या, पांढरे पट्टे, नव्या काँक्रीटच्या दोन लेनमधली उंचसखल कड, ही पावसात घसरायची ठिकाणं. त्यांच्यावर गाडी वाकवायची नाही, ब्रेक मारायचा नाही, कड ओलांडायचीच असेल तर तिरकी घासत न्यायची नाही.

ट्रकच्या बाबतीत एकच खूण पुरे. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्याच्या लेखी तुम्ही रस्त्यावर नाही. तिथे रेंगाळायचं नाही, एकतर मागे राहा किंवा उजवीकडून पूर्ण पुढे जा. आणि अंधारात कडेला उभा केलेला, मागचा दिवा नसलेला ट्रक! त्याच्यासाठी माझ्याकडे एकच उपाय आहे. अंधारात हायवेवर जायचं नाही.

म्हणून पहाटे 4 ला निघायची ही फॅशन मला मान्य नाही. शनिवारी रात्री 12 ला झोपायचं, साडेतीनला उठायचं, आणि शरीर सगळ्यात जड असतं त्या वेळी हायवेवर चढायचं. उजाडू दे की. मनोर काही पळून जात नाही. ग्रुपने जाताना नवा मुलगा सगळ्यात मागे टाकतात, आणि तो बिचारा पुढच्यांना गाठायला जीव तोडून पळवतो. नवा मुलगा म्होरक्याच्या लगेच मागे हवा, वेग त्याला झेपेल तेवढा, आणि शेवटी सगळ्यात मुरलेला चालक. जो ग्रुप एवढं करत नाही, त्याच्याबरोबर जाऊ नये.

मुलाच्या गाडीला सॅडल बॅगा आल्यात, क्रॅश गार्ड आलाय, जास्तीचे दिवे आलेत. हेल्मेट मात्र रस्त्याकडेला घेतलेलं, तेही हनुवटीखालचा पट्टा सैल. 2022 मध्ये या देशात रस्त्यांवर 74,897 दुचाकीस्वार मेले. त्याच वर्षी हेल्मेट नसताना मेलेले 50,029, त्यात 14,337 मागे बसलेले. हे सरकारचेच आकडे आहेत. आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट विकणं जून 2021 पासून बेकायदा आहे, आणि तरी ते विकलं जातं. दिवे परत कर म्हटलं, त्या पैशांत दोन हेल्मेटं येतील. दुसरं मागे बसणाऱ्यासाठी.

त्याने दिवे परत केले नाहीत, पण हेल्मेटं आणली.

रविवारी सकाळी दोघं एका रिकाम्या मैदानात गेलो. मी खडूने रेषा ओढली. ताशी 40 ने यायचं, रेषेवर दोन्ही ब्रेक. झटका द्यायचा नाही, पुढचा ब्रेक लिंबू पिळावं तसा दाबत न्यायचा, नजर चाकाकडे नको, लांब. पहिल्या वेळी गाडी रेषेपासून 22 पावलं गेली. पंधरा-वीस वेळा केल्यावर 13 वर आली. तो घामाघूम झाला होता. पावलं मोजून झाल्यावर तो त्या नऊ पावलांच्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

येत्या रविवारी आम्ही वर्सोवा पूल ओलांडून शिरसाड फाट्यापर्यंत जातोय. उजाडल्यावर. टायर थंड असताना हवा बघायची, चेन बघायची, घरी वेळ सांगायची, खिशात रुग्णवाहिकेचा 108 आणि महामार्ग मदतीचा 1033 लिहिलेली चिठ्ठी. जोराचा पाऊस असला, तर त्याच्या पुढच्या रविवारी.